भाजीच्या गाडीचा ‘ठण्ण’ आवाज

क्लच सोडून गाडी जागची हलली की गाडीच्या पोटात एक ‘ठण्ण’. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पुन्हा एक, थोडा हलका. परत पाय दिला की पुन्हा. आणि रिव्हर्स टाकून मागे घेताना सगळ्यात मोठा. ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांचा मालवाहू पिकअप आहे त्यांना हा आवाज ओळखीचा असेल. अशा गाड्या आपल्या भागात किती आहेत ते बेळगावच्या भाजी मार्केटबाहेर उभं राहिलं की कळतं. गोव्याच्या स्वयंपाकघरांत शिजणारी कोबी, फ्लॉवर, गाजर, कोथिंबीर यांतली कितीतरी बेळगावच्या आसपासच्या शेतांतून निघते आणि याच गाड्यांतून रातोरात घाट उतरते.

आमच्या आक्काच्या मुलाची गाडी त्यांतलीच. त्याने ती वापरलेली घेतली, अजून हप्ते चालू आहेत. पश्चिम भागातल्या गावांतून माल भरायचा, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळी, म्हापसा करायचं आणि दुपारपर्यंत रिकामी गाडी घेऊन परत यायचं, हा त्याचा नेम. चवथीला अडीच-तीन आठवडे राहिले होते. चवथीच्या आधीचे हे दिवस म्हणजे भाजीवाल्यांचा वर्षाचा हंगाम. अशात तो एका संध्याकाळी आला आणि पायरीवर बसूनच म्हणाला, “मामा, गाडीच्या खालनं आवाज यायलाय बघा. फिटर म्हणतोय हाऊसिंग खोलायला पायजे. क्राऊन-पिनियन गेलंय म्हणे.”

त्याच्या हातात अंदाजाचा कागद होता. तीस हजारांच्या पुढचा आकडा आणि आठ दिवस गाडी उभी. आक्काने फोनवर एवढंच विचारलं, “आठ दिवस गाडी दारात राहिली तर गिऱ्हाइकं थांबतात होय रे?” थांबत नाहीत. म्हापशाचा दुकानदार दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची भाजी घेतो आणि मग ती सवय मोडत नाही.

मी गाड्यांचा फिटर नव्हे. पण उद्यमबागेत लेथवर आणि बोअरिंग मशीनवर तीस वर्षं उभा राहिलोय, त्यामुळे शाफ्ट, बेअरिंग, स्प्लाइन ही मंडळी घरच्यासारखी. त्याला म्हटलं, “खोलायचं नंतर बघू की. आधी कुठं खेळतंय ते हाताने बघूया. त्याला काय पैसे पडत नाहीत.”

‘खेळतंय’ हा शब्द इथे महत्त्वाचा. कारखान्यात आम्ही त्याला ‘प्ले’ म्हणतो, जुने मिस्त्री ‘ढिल’ म्हणतात. बैलगाडी चालवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जू, शिवळा, जुपण्या, दांडी यांत कुठेही ढिल असेल तर बैलांनी ओढ घेतली की आधी ती ढिल संपते, मग एकदम हिसका बसतो, आणि हिसक्याबरोबर आवाज. बैल थांबले की गाडी पुढे सरकते आणि उलट बाजूने तोच आवाज. पिकअपमध्येही नेमकं हेच घडतं. फरक इतकाच की इथे ओढ सरळ नसून पिळाची असते. गंमत म्हणजे त्या जोडाच्या दोन शिंगांच्या भागाला इंग्रजीत ‘योक’ म्हणतात, म्हणजे बैलांचं जूच. संस्कृतातलं युग, आपलं जू आणि तो योक, तिन्ही शब्द एकाच मुळाचे.

आता रचना थोडक्यात. या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, आणि गाडी ढकलणारी चाकं मागे. मधलं अंतर एक लांब पोकळ नळी पार करते. तिला कागदोपत्री प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं ‘शाफ्ट’ किंवा ‘जॉइंट’. लांब गाडीत ही नळी दोन तुकड्यांची असते आणि मध्ये चासीला टांगलेलं सेंटर बेअरिंग तिला सांभाळतं. मागचा ॲक्सल पाट्यांवर बसलेला, म्हणून खड्ड्यागणिक वरखाली होतो. गिअरबॉक्स मात्र जागचा हलत नाही. तेव्हा नळीला कोनात वाकून फिरता आलं पाहिजे, आणि लांबी थोडी कमी-जास्त करता आली पाहिजे. लांबीचं काम स्लिप जॉइंट करतो, दात्यांची एक नळी दुसरीत सरकते. वाकण्याचं काम करतो तो ‘क्रॉस’.

क्रॉस हातात घेतला तर अगदी साधा वाटतो. अधिक चिन्हासारखा पोलादाचा तुकडा, चारी टोकांना चार टोप्या, आणि प्रत्येक टोपीत सुईसारख्या बारीक रोलरांची रांग. समोरासमोरच्या दोन टोप्या एका योकमध्ये, उरलेल्या दोन दुसऱ्या योकमध्ये. या कल्पनेला इटलीच्या जेरोलामो कार्दानोचं नाव चिकटलं आहे. तो सोळाव्या शतकातला वैद्य, गणिती आणि नावाजलेला जुगारी. पुढे इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ साली सूर्याचं निरीक्षण करण्याच्या यंत्रांवर पुस्तिका काढली, तिच्यात हा सांधा फिरती गती कोनातून पोचवण्यासाठी वापरलेला आहे. शाळेत स्प्रिंगचा नियम शिकलो तोच हा हूक. साडेतीनशे वर्षांपूर्वी सूर्य बघायला वापरलेला सांधा आज कोबीची पोती ओढतोय.

त्याच्यावर काय ओझं येतं ते बघा. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ तीन-चार पटींनी वाढून या बोटाएवढ्या टोकांवर येतो. वेगाचा हिशेबही सोपा आहे. अशा गाडीच्या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला ४५० च्या आसपास फेरे घेतं. डिफ्रन्शिअलचं गुणोत्तर चारच्या जवळपास धरलं तर शाफ्ट मिनिटाला १८०० फेरे, म्हणजे सेकंदाला ३०. ही फिरणारी लोखंडी नळी ड्रायव्हरच्या सीटच्या मागे, पायाखालच्या पत्र्यापासून काही इंचांवर असते. क्रॉस निखळला तर नळीचं सुटलेलं टोक आजूबाजूचे ब्रेक पाइप, डिझेलची टाकी, पत्रा, जे सापडेल त्याला झोडपतं. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी उचलली जाऊ शकते. आणि घाट उतरताना शाफ्ट तुटला तर इंजिनाची ओढच संपते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर गाडी रोखत उतरणारा ड्रायव्हर एका क्षणात नुसत्या ब्रेकवर येतो, तोही भरलेल्या गाडीत, पावसात, चोर्ल्याच्या वळणांवर. म्हणून आवाज चालढकलीवर टाकण्यासारखा नव्हता. तीस हजारांचा खर्च टाळायचा होताच, पण खरी घाई याची होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी सपाट जागेवर घेतली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाचे ओट लावले, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलमध्ये. पिकअप उंच असतो, पोतं टाकून खाली सरकता येतं. जॅक लावायची गरज पडत नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचंही नसतं. घोड्या नसतील तर गाडी जमिनीवरच ठेवावी.

आधी मी भाच्याला गाडी अंगणात हळू पुढे-मागे घ्यायला लावली आणि बाजूने चालत ऐकलं. आवाज मागून आल्यासारखा वाटत होता. पण यावर फार विसंबू नये. शाफ्ट म्हणजे पोकळ नळी, म्हणजे घंटाच. एका टोकाला टिचकी मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू येते. त्या फिटरने आवाज ऐकून हाऊसिंगचं निदान केलं यात नवल नाही. माझी तक्रार असेल तर एवढीच की तो खाली सरकला नाही.

खाली सरकल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांनी दिसली. मागच्या क्रॉसच्या एका टोपीभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी जमली होती. चिखल वेगळा आणि ही भुकटी वेगळी. आत ग्रीस संपून पाणी शिरलं, सुया गंजल्या आणि दळल्या गेल्या की त्यांचं पीठ सीलमधून असं बाहेर येतं. कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना पाणी कुठून शिरलं हे विचारावं लागणार नाही. तिथे मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात रस्तासुद्धा तिच्यासारखाच वाहतो.

मग हाताची परीक्षा. एका हाताने डिफ्रन्शिअलच्या बाजूचा फ्लँज पकडला, दुसऱ्या हाताने शाफ्टचा योक, आणि ओला कपडा पिळतो तसा दोघांना उलट दिशांनी पीळ दिला. चांगल्या क्रॉसमध्ये दोन्ही योक एकदमच हलतात. इथे शाफ्ट आधी हलला आणि फ्लँज नंतर. मधे अर्ध्या सुताची तरी ढिल होती, आणि तिच्या शेवटी तोच आवाज, बारीक. भाच्याला खाली बोलावून त्याच्या हाताने करून दाखवलं. तो म्हणाला, “हाच की तो!” पुढचे दोन क्रॉस तसेच पिळून बघितले. घट्ट आणि मोकळे, म्हणजे कुठे ढिल नाही आणि कुठे अडतही नाहीत.

यानंतरची परीक्षा खर्चाच्या कागदाची होती. डिफ्रन्शिअलचा पिनियन फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायचा प्रयत्न केला. तिळाएवढाही हलला नाही. तिथे हलला असता तर पिनियनचं बेअरिंग गेलं असं समजून हाऊसिंग खोलावंच लागलं असतं. फिरवून बघितल्यावर मात्र थोडी ढिल जाणवली, आणि ती असायलाच हवी. दात्यादात्यांत तेलाला जागा सोडलेली असते. ती जागा शून्य केली तर दाते तापून खाऊन जातील. अनेक चांगली हाऊसिंगं या नैसर्गिक ढिलेपणाला आजार समजून विनाकारण उघडली जातात असं माझं मत आहे. हाऊसिंगचं तेल तपासलं. पातळी ठीक, आणि बोटावर चोळल्यावर लोखंडाची चमक नाही. कण्हल्यासारखा सलग आवाज वेगाबरोबर येत असता तर मी दात्यांवर संशय घेतला असता, पण तो नव्हता.

पाट्यांचे यू-बोल्ट पान्याने ओढून बघितले. ते ढिले असले तर ॲक्सलच सरकतो आणि असाच आवाज येतो. घट्ट होते. सेंटर बेअरिंगचं रबर मात्र खालून फाटलेलं दिसलं. ते उचललं की शाफ्ट बोटभर वर यायचा.

शाफ्ट उतरवायला रविवार उजाडला. तोवर मी त्याला भाडं मारू दिलं नाही. तीन रात्री दुसऱ्याची गाडी लावून माल पाठवला, त्यात त्याच्या हाती काहीच उरलं नाही, पण दुकानदार टिकले. आक्काला ते पटवायला मला फोनवर अर्धा तास लागला.

उतरवण्यापूर्वी एक सांगायचं राहू नये. शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नाही, कारण इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. गाडी फक्त हँडब्रेक आणि ओट यांच्यावर उभी असते. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच असतो, तिथे तर तोही जातो. म्हणून ओट आधी, पाना नंतर.

सगळे जोड सोडण्यापूर्वी पंचने खुणा मारल्या, फ्लँजवर एक आणि शाफ्टवर समोर एक. जसं होतं तसंच परत बसावं म्हणून. पण स्लिप जॉइंटवरचा चिखल घासून काढल्यावर कारखान्यात मारलेल्या बाणांच्या खुणा दिसल्या, आणि त्या समोरासमोर नव्हत्या. दोन दात्यांनी सरकल्या होत्या. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी शाफ्ट सोडवून दाते बसतील तसे बसवले होते. खरा आजार इथे सापडला.

हूकच्या सांध्याचा एक जन्मजात दोष आहे. कोनात फिरताना तो वेग सारखा पोचवत नाही. पुढची बाजू एकसारखी फिरली तरी मागची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. १० अंशांच्या कोनात हा फरक दीड टक्का असतो, २० अंशांत सहा टक्क्यांवर जातो. उपाय सुंदर आहे. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा सांधा लावायचा, आणि दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवायचे. दोन्हीकडचे कोन सारखे असले की पहिला जे बिघडवतो ते दुसरा बरोबर दुरुस्त करतो. पण योक एका रेषेत नसतील तर ते एकमेकांच्या चुका भागवण्याऐवजी वेगळ्या वेळी वेगळे हिसके देत राहतात. सेकंदाला ३० फेरे म्हणजे ६० हिसके. ते सगळे त्या सुयांनी सोसायचे. भाचा म्हणायचा की ताशी पन्नासच्या पुढे पायाखालचा पत्रा झिणझिणतो. त्याचं कारण त्याला रस्ता वाटत होतं.

भाजीच्या धंद्याने त्यात भर घातली होती. जाताना गाडी भरलेली, पाटे सपाट झालेले. येताना रिकामी, मागची बाजू उचललेली. शाफ्टचा कोन दिवसातून दोनदा बदलतो. ज्यांचा माल हलका आणि रोजचा सारखा असतो त्यांचे क्रॉस जास्त टिकतात ते यामुळेच.

क्रॉस काढणं हे जोराचं काम आहे, पण हातोड्याचं कमी. टोप्या अडवणारी सर्क्लिपं रात्रभर गंज सोडवणारं तेल पाजूनही हलत नव्हती. टोकदार पंचने थोडी फिरवली, मग पक्कडीने निघाली. टोपी काढायला आमच्या एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमधला मोठा वाइस वापरला. एका बाजूला टोपीपेक्षा बारीक गोटी ढकलायला, दुसऱ्या बाजूला टोपी आत मावेल अशी मोठी गोटी, आणि वाइस आवळत जायचा. टोपी मोठ्या गोटीत सरकते. नळीवर घण घालून काढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात नळीला पोचा येतो, तोल जातो, आणि मग थरथर थांबवायला शाफ्ट बॅलन्सिंगला न्यावा लागतो.

टोपी निघाली तेव्हा आत सुया नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. तीनचार अख्ख्या, बाकी लाल भुकटी. क्रॉसच्या टोकावर नखाने जाणवतील अशा रेघा पडल्या होत्या, सुयांच्या मापाच्या. याचंही कारण आहे. या सुया गोल फिरत नाहीत, कोनाइतक्याच थोड्याशा पुढे-मागे होतात. तेच तेच ठिकाण मार खातं आणि तिथलं ग्रीस बाजूला सरकतं. म्हणून शाफ्ट अगदी सरळ रेषेत असणंही क्रॉसला मानवत नाही. थोडा कोन असला तर सुया हलत्या राहतात.

नवा क्रॉस घ्यायला जाताना जुना सोबत न्यावा, आणि व्हर्निअर असेल तर तोही. गाडीचं नाव सांगून मिळालेल्या दोन क्रॉसांत टोपीचा व्यास एकच होता, पण एका टोपीच्या पाठीपासून समोरच्या टोपीच्या पाठीपर्यंतच्या मापात एक मिलिमीटरचा फरक निघाला. लांब असता तर सर्क्लिप बसलं नसतं, आखूड असता तर आवाज तसाच राहिला असता. ग्रीस निप्पल असलेला घेतला. बिननिप्पलचे, जन्मभराचं ग्रीस भरून बंद केलेले मिळतात आणि शहरातल्या मोटारीला चालतात. घाटात पाण्यातून जाणाऱ्या गाडीला निप्पलच हवा असं मला वाटतं.

बसवताना सगळा जीव सुयांत असतो. टोपीत ग्रीस चोपडून सुया भिंतीला चिकटवून ठेवायच्या. एक जरी सुई आडवी होऊन तळाशी पडली तर टोपी पूर्ण आत जात नाही, सर्क्लिपची खाच दिसत नाही. अशा वेळी वाइस आणखी आवळला तर सुई तुटते. पुन्हा बाहेर काढून बघणं हाच मार्ग. आम्हाला तिसऱ्या टोपीला ते करावं लागलं. निप्पलचं तोंड ग्रीसगन पोचेल अशा बाजूला ठेवलं. चारी सर्क्लिपं बसल्यावर योकच्या शिंगांवर तांब्याच्या हातोडीने हलके टोले दिले, म्हणजे दाबून बसलेल्या टोप्या बाहेर सरकून सर्क्लिपला टेकतात. नंतर क्रॉस दोन्ही दिशांना बोटांनी हलला पाहिजे, कुठेही न अडता. तो तसा हलला तेव्हा भाच्याने पहिल्यांदा चहाचं नाव काढलं.

सेंटर बेअरिंग रबरासकट नवं घातलं, शाफ्ट उतरलेलाच होता. पुढचे दोन क्रॉस मात्र ठेवले. तिन्ही एकदम बदला असं सांगणारे भेटतील. पण चांगला, नीट ग्रीस खाणारा जुना क्रॉस काढून बाजारातला कसाही नवा घालण्यात मला शहाणपण दिसत नाही. स्लिप जॉइंटचे दाते डिझेलने धुऊन, ग्रीस लावून, या वेळी बाण बाणासमोर ठेवून बसवले. शाफ्टच्या मागच्या आणि पुढच्या योकवरून दोरी धरून बघितली, दोन्ही एका रेषेत आले. फ्लँजच्या चारी बोल्टांना नव्या लॉक-नट घातल्या आणि टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकातल्या मापाला ओढल्या. मग ग्रीसगन. चारी सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारायचं. दोन टोप्यांतून आलं आणि दोन कोरड्या राहिल्या तर त्या दोन्हींत ग्रीस पोचलंच नाही असं समजायचं.

सगळा खर्च, बेअरिंग, ग्रीस आणि वर्कशॉपमधल्या पोरांचा वडापाव धरून, अंदाजाच्या कागदावरच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत बसला.

संध्याकाळी जांबोटीच्या रस्त्यावर बारा-पंधरा किलोमीटर फिरवली. ठण्ण गेला. रिव्हर्स टाकताना एक बारीक ‘टक्’ उरला आहे, तो दात्यांमधल्या त्या आवश्यक जागेचा, आणि तो राहणार. पत्र्याची झिणझिण गेली, याचं भाच्याला आवाजापेक्षा जास्त अप्रूप वाटलं. मंगळवारी रात्री तो कोबी भरून घाट उतरला. आक्का त्या रात्री झोपली नसावी, कारण सकाळी सहाला तिचाच फोन आला की पोरगा साखळीला पोचला.

दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट परत ओढून घेतले. एक नट चतकोर वळण फिरली, बाकीच्या हलल्या नाहीत. ग्रीसगन आता त्याच्या सीटमागे असते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी तेल बदलताना, तिन्ही क्रॉस आणि स्लिप जॉइंट, असं ठरलंय. पाट्यांच्या शॅकलमधले रबरी बुश थकलेत, खड्ड्यात ‘कच्’ आवाज येतो तो त्यांचा. त्याचं काम दिवाळीनंतर, हंगाम उतरला की.